अकरा वेळा एकच मतदारसंघ : गणपतराव देशमुख आणि दीर्घ कारकिर्दीचा अर्थ

आजचा प्रश्न साधा आहे. एखादा माणूस पन्नास वर्षं आमदार राहिला, तर त्यातून त्या भागाला नेमकं काय मिळतं?

आधी आपल्याच दाराशी बघू. मीरा-भाईंदर हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ २००९ पासूनचा. तेव्हा गिल्बर्ट मेंडोन्सा निवडून आले, २०१४ ला नरेंद्र मेहता, २०१९ ला अपक्ष गीता जैन आणि २०२४ ला पुन्हा मेहता. म्हणजे चार निवडणुका झाल्या, आणि खुर्चीवर बसलेला आमदार लागोपाठ दुसऱ्यांदा एकदाही निवडून आला नाही. आपल्याला आमदार बदलायची सवय आहे म्हणा ना!

आता सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडे जाऊ. शेतकरी कामगार पक्षाचे भाई गणपतराव देशमुख तिथून १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. मतदारसंघ तोच, पक्षही तोच. २०१९ ला त्यांनी निवडणूक लढवली नाही. ३० जुलै २०२१ ला ते गेले, तेव्हा वय नव्वदीच्या पुढे होतं.

'अकरा वेळा' हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण या कारकिर्दीत दोन खंड आहेत, आणि तेच समजून घेण्यासारखे आहेत. १९७२ ला ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा हरले, तेही फक्त १९२ मतांनी, शहाजीबापू पाटलांकडून. हे तेच शहाजीबापू, जे २०२२ मध्ये गुवाहाटीहून केलेल्या फोनमुळे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झाले. १९९९ ला गणपतराव पुन्हा निवडून आले ते थेट २०१९ पर्यंत.

इथे ब्रिटनशी तुलना करून पाहू. तिथल्या कॉमन्स सभागृहात सर्वांत ज्येष्ठ खासदाराला 'सभागृहाचे पिता' म्हणतात. हा मान एकूण वर्षं मोजून मिळत नाही, खंड न पडता सलग केलेली सेवा मोजली जाते. एकदा हरलात की मोजणी शून्यापासून सुरू. त्या हिशेबाने गणपतरावांची मोजणी दोनदा पुसली गेली असती. पण लोकशाहीत हरून परत येणं हे न हरण्यापेक्षा कमी आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. हरलेला माणूस मतदारसंघ सोडून मुंबईत बसला की परत येऊ शकलाच नसता.

मग लोक त्यांना परत का पाठवत होते? पहिलं कारण राहणीमान. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख. पण नुसत्या साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. पक्षाचं गावोगावचं संघटन होतं, तालुक्यातल्या मोठ्या धनगर समाजाचा पाठिंबा होता, आणि सहकारातलं काम होतं. कापसाचं पीक नसलेल्या या तालुक्यात त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली.

दुसरं कारण पाणी. सांगोला पर्जन्यछायेत येतो, म्हणजे डोंगरापलीकडे पाऊस पडून जातो आणि इकडे ढग कोरडेच येतात. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्याने रोजगार हमीचा कायदा केला. तो १९७७ ला मंजूर झाला आणि १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी ठरली. १९९० पासून फळबाग लागवड याच योजनेला जोडली गेली. कमी पाण्यावर येणारं डाळिंब सांगोल्यात रुजलं त्यामागे हेही एक कारण. १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतरावांकडे रोजगार हमीचंच खातं आलं, हा योग लक्षात ठेवा.

पण हमीचं काम म्हणजे दुष्काळावरचा उतारा. दुष्काळ हटवायचा तर नदीचं पाणी हवं. त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू केली. त्या चळवळीत गणपतराव पुढे होते. मागणी अशी होती, की कृष्णेचं पाणी उचलून वर आणा आणि समान वाटा. कराडजवळच्या टेंभू उपसा योजनेचं पाणी पुढे सांगोल्याच्या काही भागात पोचलं. पण त्याला किती वर्षं लागली ते बघा. १९६२ ला मत देणाऱ्या शेतकऱ्याच्या नातवाच्या काळात पाणी आलं.

इथेच अवघड प्रश्न येतो. त्यांचा पक्ष छोटा, बहुतेक काळ विरोधात. १९७७ ला ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. सत्तेत बसले ते १९७८ चं शरद पवारांचं पुलोद सरकार आणि नंतर १९९९ चं, एवढंच. कोणी म्हणेल, सत्ताधारी पक्षात गेले असते तर पाणी लवकर आलं असतं. असेलही. पण मग दुष्काळी तालुक्यांसाठी सरकारला सभागृहात जाब कोणी विचारला असता? काही मतदारसंघ निधी मिळवतात, काही आवाज मिळवतात. दोन्ही मिळणं दुर्मीळ.

आणखी एक गोष्ट. दीर्घ कारकिर्दीनंतर वारसा कोणाकडे जातो? २०१९ ला त्यांचे नातू अनिकेत देशमुख शेकापकडून उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. पक्ष टिकला, पण उमेदवारी घरातच राहिली. साध्या राहणीचा, तत्त्वाचा नेताही यातून सुटत नाही, हे नोंदवायला हवं.

ब्रिटनच्या बोल्सोव्हर या खाणकामगारांच्या मतदारसंघात डेनिस स्किनर १९७० ते २०१९ असे ४९ वर्षं खासदार होते. ते स्वतः खाणीत काम केलेले. त्यांना शेवटी मतदारांनीच हरवलं. खाणी बंद झाल्या, मतदार बदलले. माणूस तोच राहिला तरी मतदारसंघ तोच राहत नाही. सांगोल्यातही ऊस आणि डाळिंब आल्यावर प्रश्न बदलतच गेले.

तेव्हा आमदाराला मोजायचं कशानं? आम्ही तीन गोष्टी सुचवतो. हरल्यावर तो कुठे होता? सत्ता नसताना त्याने काय मागितलं? आणि त्याने मागितलेलं तो गेल्यावरही चालू राहिलं का? आपल्या भागात पाणी, लोकल, रस्ते यांवर बोलताना हेच तीन प्रश्न विचारून बघा. पाच वर्षांत बदललेल्या आमदारालाही ते विचारता येतात.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळू.