चेनची लांबी वाढते, पण ताणल्यामुळे नाही

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. पुढे पोलादाचे, खताचे, गॅसचे मोठे कारखाने आहेत आणि खुद्द इच्छापोरात हिरे-दागिन्यांचे औद्योगिक संकुल. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोलीत स्थायिक झालेली अनेक खानदेशी माणसे या पट्ट्यात कामाला येतात, बरीचशी मोटारसायकलने. अवजड ट्रकांची धूळ, पावसाळ्यातला चिखल आणि खाडीवरची खारी हवा चेनला फार सोसत नाही. त्यात चेनविषयीचे गैरसमज भर घालतात, आणि त्यांतले दोन-तीन थेट जिवाशी खेळणारे आहेत.

पहिला गैरसमज असा की, चेन ताणून लांब होते, म्हणून सैल पडली की दोन कड्या काढल्या म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात कडीची पोलादी पट्टी ताणत नाही. पिन आणि तिच्याभोवतीचे बुश एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी फट पडते. आपल्याकडच्या अनेक साध्या गाड्यांना 428 मापाची चेन असते. यातला 4 म्हणजे 4/8 इंच, म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत 12.7 मिलिमीटर. अशी 110 कड्यांची चेन दोन टक्के झिजली की एकूण 28 मिलिमीटर वाढते. दोन कड्या काढल्या की सुमारे 26 मिलिमीटर कमी होतात आणि चेन पुन्हा मापात आल्यासारखी दिसते. पण उरलेल्या प्रत्येक कडीचे अंतर 12.95 मिलिमीटरच राहते आणि स्प्रॉकेटचे दाते 12.7 साठी कापलेले असतात. मग रोलर दात्याच्या टोकाकडे चढतो, दाते आकड्यासारखे वाकडे झिजतात आणि एखाद्या दिवशी जोर देताना चेन दात्यावरून उडी मारते. ती मागच्या चाकात अडकली तर चाक जाम होते.

तपासणी सोपी आहे. चेन ताणून धरून 20 कड्या मोजाव्यात. नव्या 428 चेनमध्ये त्या 254 मिलिमीटर भरतात. 259 च्या आसपास गेल्या असतील तर ती चेन संपली. त्याआधीची नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

‘दाते अजून बरे आहेत, फक्त चेन बदला’ हा सल्लाही महागात पडतो. झिजलेले दाते नव्या चेनला लवकर खातात. चेन आणि पुढचे-मागचे स्प्रॉकेट असा पूर्ण संचच बदलावा.

छिन्नी-हातोडीने चेन तोडणे हे तर अनेकांना कौशल्यच वाटते. पण हातोडीचा प्रत्येक घाव स्प्रॉकेटमार्फत गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर पोहोचतो. रिव्हेट केलेली पिन आधी ग्राइंडरने माथ्यावर घासून घ्यावी आणि मगच चेन ब्रेकरने दाबून काढावी. घासताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन असतानाच, मागचा ब्रेक दाबून सैल करून ठेवावा. चेन निघाल्यावर शाफ्ट नुसता फिरत राहतो.

जोडकडी, म्हणजे गॅरेजमध्ये जिला ‘चेन लॉक’ म्हणतात ती, जुनी पुन्हा वापरू नये. क्लिपचे लॉक असेल तर क्लिपचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला हवे. उलटे बसवले तर एखादा खडा लागूनही क्लिप निसटू शकते. रिव्हेटचे लॉक असेल तर रिव्हेट टूल लागते आणि पिनेचा फुगवलेला माथा कॅलिपरने मोजावा लागतो. ओ-रिंग चेनमध्ये लॉकच्या चारही रिंगा ग्रीससह बसवायच्या असतात.

घट्ट चेन म्हणजे चांगली चेन, हाही भ्रम. स्वार बसला की मागचा स्विंगआर्म वर जातो आणि पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा सांधा व मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. तेवढी जागा आधीच सोडली नसेल तर ताण बेअरिंगवर जातो. अनेक प्रवासी गाड्यांत हा झोल 20 ते 35 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. चाक फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट लागते, तिथेच तो मोजावा. चाक मागे-पुढे सरकले की ड्रम ब्रेकचा रॉडही पुन्हा जुळवावा, हे हमखास विसरले जाते.

सगळ्यांत धोक्याची सवय म्हणजे गाडी डबल स्टँडवर लावून, पहिला गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावणे. चेन आणि स्प्रॉकेटच्या फटीत फडके ओढले जाते आणि त्याबरोबर बोटे. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हातानेच फिरवायचे. धुण्यासाठी पेट्रोल नको, ते ओ-रिंगचे रबर खराब करते. केरोसीन आणि मऊ ब्रश पुरे. नंतर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑइल किंवा चेन ल्युब वापरावे. इंजिनातून काढलेल्या काळ्या तेलात धातूचे कण असतात. ओ-रिंग चेनलाही तेल लागतेच, कारण आतले ग्रीस पिनेसाठी असते, बाहेरच्या रोलरसाठी नाही.

काम झाल्यावर चेन कव्हर आणि साडी गार्ड परत बसवलेच पाहिजेत. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 123 सांगतो. साड्यांच्या या शहरात तो विसरून चालणार नाही.

गॅरेजमधून निघताना जुनी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मागून घेऊन पाहा, लॉक कोणते बसवले ते विचारा आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर झोल पुन्हा मोजून घ्या.