घोडा, घोडी आणि सारंगखेड्याचा बाजार

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. १९९८ पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये आहे. पण दोंडाईच्यावरून येणाऱ्या धुळे-जळगावकरांना ही यात्रा आजही घरचीच. एकमुखी दत्ताचं दर्शन घेऊन मारवाडी, काठेवाडी जनावरं पाहत फिरावं, तर एक मत हमखास ऐकू येतं: खरा जोर घोड्यात, घोडी फक्त शिंगरांसाठी.

हे मत साफ चुकीचं आहे. नराची मान जाड, छाती भरदार असते खरी, पण वेगातला फरक अगदी थोडा. घोड्यांच्या शर्यतीत मादीला साधारण दीड किलो वजनाची सूट मिळते आणि ती नरांच्या बरोबरीने धावते. १९४३ साली मुंबईत पहिली इंडियन डर्बी जिंकली ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या मादीने. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये हाला या जर्मन घोडीचा स्वार पहिल्या फेरीत जबर दुखावला होता. दुसऱ्या फेरीत तिने एकही अडथळा न पाडता त्याला सुवर्णपदकापर्यंत नेलं. आपल्याकडेही नवरदेवाचा ‘घोडा’ पुष्कळदा घोडीच असते, कारण बँड आणि गर्दीत ती सहसा सांभाळायला सोपी जाते. वळू घोड्याला जवळपास माजावरची घोडी असल्याचा वास आला की त्याला आवरणं कठीण होतं.

खच्ची केलेला घोडा निकामी, हाही असाच समज. त्याची फक्त प्रजननक्षमता जाते. काम तो उत्तम करतो, स्वभावाने बहुधा शांत होतो आणि लहानपणी खच्ची केला असेल तर किंचित उंचही वाढतो, कारण त्याची लांब हाडं उशिरापर्यंत वाढत राहतात.

दातांवरून नर-मादी ओळखता येते, हे मात्र अर्धं खरं. प्रौढ नराला साधारण ४० दात, मादीला ३६. फरक चार सुळ्यांचा. पण काही माद्यांनाही बारीक सुळे येतात, त्यामुळे एवढ्यावर निवाडा करू नये.

नावांचा गोंधळही दूर व्हायला हवा. शिंगरू म्हणजे पिल्लू, मग ते नर असो वा मादी. तट्टू हे पिल्लू नव्हे. ते पूर्ण वाढलेलं, ठेंगणं जनावर. खेचर होतं गाढव आणि घोडीपासून. घोडीची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. या विषम जोडणीमुळे त्याला सहसा पिल्लं होत नाहीत.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज पोटाचा आहे. पोट सुटलेलं दिसलं की घोडी गाभण समजून चढा भाव दिला जातो. गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, आणि त्यातले सुरुवातीचे कित्येक महिने पोटावरून काहीच कळत नाही. सोनोग्राफीत मात्र गाभ साधारण दोन आठवड्यांतच दिसू शकतो. पैसे मोजण्याआधी पशुवैद्यकाकडून ही तपासणी करून घ्यावी.