ब्लॉकिंग पेप्टाइडने बँड गेला, म्हणजे नक्की काय सिद्ध झालं?

वाकोल्याहून विद्यानगरीत एमएस्सीला जाणारी मुलं प्रोजेक्टच्या तोंडावर एक प्रश्न हमखास विचारतात: अँटीबॉडी तर घेतोच आहोत, तिचं ब्लॉकिंग पेप्टाइडही वेगळे पैसे देऊन घ्यायचं का? आधी ते काय करतं ते बघू.

केराटिन 14 घ्या. त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींचा हा सांगाडा. केराटिन 5 शी जोडी जमवून तंतू बनवतो. दोघांपैकी एकाच्या जनुकात बिघाड झाला तर एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स होऊ शकतो, साध्या घासण्यानेही फोड येतात. नमुन्यात हे प्रोटीन आहे की नाही, हे चुकवून चालत नाही.

पण माणसात केराटिनची 54 जनुकं आहेत, आणि मधला दांड्यासारखा भाग सगळ्यांत बराच सारखा. वेगळेपण डोक्यात आणि शेपटीत. म्हणून केराटिन 14 च्या अनेक अँटीबॉडी शेपटीच्या 15 अमिनो आम्लांविरुद्ध बनवल्या आहेत. ब्लॉकिंग पेप्टाइड म्हणजे तोच तुकडा. तो अँटीबॉडीत आधी मिसळला की तिच्या पकडायच्या जागा भरतात. दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस लोकलचा दांडा कसा धरणार!

प्रमाण बघा. अँटीबॉडी साधारण 150 किलोडाल्टन, पेप्टाइड 1.7. वजनाने पाचपट पेप्टाइड घातलं तर एका अँटीबॉडीमागे सुमारे 440 रेणू, म्हणजे प्रत्येक जागेमागे 220. भरपूर झाले. दुसऱ्या ट्यूबमध्ये तीच अँटीबॉडी, तेच डायल्यूशन, तेवढाच वेळ, फक्त पेप्टाइडऐवजी बफर. तिसरीत असंबंधित पेप्टाइड घालता आलं तर उत्तमच. ही दुसरी ट्यूब लोक गाळतात, आणि मग बँड पेप्टाइडमुळे गेला की अँटीबॉडी नुसती ठेवून ठेवून थकली, कळायला मार्ग नाही.

आता खरी गोम. बँड गेला म्हणजे सिग्नल अँटीबॉडीच्या पकडायच्या जागेतूनच येत होता, एवढंच कळलं. पकडलेलं प्रोटीन केराटिन 14 च होतं, हे नाही. शेपटी थोडीशी जुळणारं दुसरं प्रोटीन ती धरत असेल, तर तोही बँड तितक्याच इमानदारीने नाहीसा होणार. केराटिन 10 वर काम करत असाल तर आणखी मजा: तुमच्याच हाताच्या त्वचेचा कोंडा जेलमध्ये पडला, तर त्यातलं केराटिन 10 बँड देईल आणि पेप्टाइडने जाईलही. अँटीबॉडी खरी, नमुना खोटा.

म्हणून खरी कसोटी म्हणजे प्रोटीनच काढून टाकणं. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये मिलिंद वैद्य यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत केराटिन 8 नॉकडाउन केलं. त्यांचा प्रश्न त्याचं कर्करोगातलं काम शोधण्याचा होता, पण अशा पेशी हाताशी असल्या की अँटीबॉडीचीही परीक्षा होते: प्रोटीन कमी, तर बँडही फिका व्हायला हवा. केराटिन 14 साठी तर 1995 पासून नॉकआउट उंदीर आहेत.

मग पेप्टाइड घ्यायचं का? पॉलिक्लोनल अँटीबॉडी असेल आणि ऊतीच्या कापावर नको तिथे रंग दिसत असेल, तर घ्या. चिकटपणामुळे आलेला रंग लगेच ओळखू येतो. मोनोक्लोनल पूर्ण प्रोटीनविरुद्ध बनवलेली असेल तर छोटा तुकडा कदाचित तिला अडवणारच नाही, तेव्हा ऑर्डर देण्याआधी कॅटलॉगमधली इम्युनोजेनची ओळ वाचा. आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी ते नॉकडाउनवर घालीन.