निद्रिस्त यंत्राचा जागता पहारेकरी

सर्व्हर बंद केला, तरी वीज जोडलेली असेतोंवर त्याच्या पोटांतील एक चिमुकला संगणक जागाच असतो. त्यास ‘बीएमसी’ म्हणतात. त्याच्याशीं बोलण्याचा ‘आयपीएमआय’ हा संकेत इंटेल, डेल, एचपी व एनईसी यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केला. लिनक्स या मुक्त प्रणालींतून ‘आयपीएमआयटूल’ चालविलें, कीं यंत्राची उष्णता, पंख्यांची गति व बिघाडांची नोंद समोर येते. दूर गांवीं बसून यंत्र चालू-बंदहि करतां येतें. मात्र या दाराची किल्ली निराळी! लिनक्सचा परवलीचा शब्द कितीहि कठीण असो, तो येथें कामास येत नाहीं. अमेरिकेच्या ‘यूएस-सर्ट’नें २०१३ सालीं या वाटेच्या धोक्यांविषयीं इशारा दिला होता. म्हणून सुज्ञ व्यवस्थापकानें बीएमसीचा मूळ परवलीचा शब्द प्रथम बदलावा, आणि ही वाट सार्वजनिक इंटरनेटपासून अलग राखावी.