उचल घेतली त्यानं, मग पाप कुणाचं?

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे व्हायला लागतात. भात झोडून झालेलं असतं, घरातली नागली-वरई जेमतेम काही महिने पुरेल एवढीच असते. डोंगराच्या अलीकडची असोत की पलीकडची, माणसं बिऱ्हाड बांधतात, पोरं कडेवर घेतात आणि भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामांवर निघतात. पुष्कळदा उचल त्याआधीच घेतलेली असते. कुणाचं आजारपण असतं, कुणाचं लग्न, कुणाला पावसाळ्यात चूल पेटती ठेवायची असते. हंगामभर आठवड्याची खर्ची मिळते. हिशोब होतो तो पावसाच्या तोंडावर.

त्या हिशोबाची वही मालकाकडे असते. उचल वजा, खर्ची वजा, अवकाळी पावसात भिजून मोडलेल्या कच्च्या विटा वजा, तापानं पडून राहिलेले दिवस वजा. नवरा, बायको आणि हाताशी आलेली पोरं अशा सगळ्यांनी मिळून थापलेल्या विटा बहुधा एकट्या नवऱ्याच्या नावावर चढलेल्या असतात. एवढं करून मजुराकडेच बाकी निघाली, की पुढचा हंगाम त्याच भट्टीवर जातो.

पापाबद्दल बोलताना आपण ख्रिस्ती माणसं फार लवकर दारू, शिवीगाळ आणि व्यभिचारावर येतो. या वहीबद्दल मंडळीत क्वचितच बोललं जातं. पाप झाकण्यासाठी माणूस ज्या सबबी देतो, त्यांतल्या बहुतेक या वहीच्या आजूबाजूलाच ऐकायला मिळतात. म्हणून त्या तिथेच तपासून पाहू.

‘जबरदस्ती कुठे केली? त्यानं स्वखुशीनं उचल घेतली’

ही सगळ्यांत जुनी सबब, आणि ऐकायला सगळ्यांत सभ्य. याच डोंगरपट्ट्यात तिचा इतिहास आहे. स्वातंत्र्यापूर्वी डहाणू, उंबरगाव आणि आसपासच्या भागात वारली माणूस लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही वर्षानुवर्षं सावकाराच्या घरी राबायचे. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज ‘स्वखुशीनं’ घेतलेलं असे, अंगठाही स्वतःचाच असे. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यानं मुंबई सरकारसाठी आदिवासी भागांची पाहणी केली, त्या अहवालात या वेठीची नोंद आहे. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उभे राहिले, तेव्हा त्यांची मूळ मागणी होती ती वेठ आणि लग्नगडीची पद्धत बंद करण्याची. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले.

आज कायदा काय म्हणतो? वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा 1976 मध्ये झाला. उचल किंवा कर्जापोटी माणसाला बांधून ठेवणं हा त्यानुसार गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. वेठबिगारीच्या अशा कर्जाची परतफेड करण्याची जबाबदारीच या कायद्यानं रद्द केली. 1982 मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं सांगितलं: भूक आणि गरिबी यांमुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबत असेल, तर तीही सक्तीच. हातात दंडुका असलाच पाहिजे असं नाही.

पवित्र शास्त्र याच्या कितीतरी आधी तिथे पोहोचलं होतं. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातली आज्ञा अशी आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, मग तो आपला भाऊबंद असो की परका. मजुरानं उशिरा घ्यायचं कबूल केलं होतं का, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो.

‘पैसे हातात दिले तर दारूत घालवतात, मुळात आळशीच’

या सबबीचं मूळ शोधायचं तर थेट मिसरच्या वीटभट्टीवर जावं लागतं. निर्गमाचा पाचवा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचावा, विशेषतः ज्यांच्या हाताखाली मजूर आहेत त्यांनी. मोशे आणि अहरोन फारोकडे जाऊन सांगतात, आमच्या लोकांना देवाच्या सणासाठी जाऊ दे. फारो काय करतो? विटांसाठी लागणारा पेंढा द्यायचा बंद करतो. पेंढा तुम्हीच गोळा करा, पण विटांची रोजची संख्या एकानंही कमी होता कामा नये, असा हुकूम. आणि कारण सांगतो की हे लोक आळशी आहेत, काम नको म्हणून देवाचं नाव घेतात. संख्या भरली नाही तेव्हा फटके पडले ते मुकादमांना, आणि तेही त्याच इस्राएली लोकांतले होते. मालक वर, मजूर खाली, मधे आपल्यातलाच एक माणूस, आणि या सगळ्यावर पांघरूण म्हणून ‘आळशी’ हा एक शब्द. जव्हारच्या एसटी स्टँडवर बिऱ्हाड घेऊन बसलेल्या कुणालाही ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

दारूचं काय? आपल्या पाड्यांवर दारूनं घरं बुडाली आहेत, हे खरं आहे. त्याबद्दल मंडळीनं बोललंच पाहिजे. पण दुसऱ्याचं पाप दाखवून स्वतःचं पाप कमी होत नाही. मजुरानं कमावलेला पैसा त्याचा आहे. तो काय करेल याची काळजी खरोखर वाटत असेल, तर पैसे त्याच्या बायकोसमोर मोजून द्यावेत, दोघांच्या नावे बँकेत भरावेत. रोखून धरलेला पैसा कुणाचीही दारू सोडवत नाही.

‘सगळेच असं करतात, आमच्या बापजाद्यांपासून चालत आलंय’

सोन्याच्या वासराबद्दल मोशेनं जाब विचारला तेव्हा अहरोननं सगळं लोकांवर ढकललं आणि वर सांगितलं, मी सोनं आगीत टाकलं आणि त्यातून हे वासरू निघालं. जणू ते आपोआप घडलं. चालीरीतींच्या नावानं केलेलं पाप असंच आपोआप घडल्यासारखं सांगितलं जातं. यहेज्केलाचा अठरावा अध्याय ही वाट बंद करतो: बापाचं पाप मुलावर नाही आणि मुलाचं बापावर नाही, ज्यानं केलं त्यानं उत्तर द्यायचं.

इथे ख्रिस्ती लोकांनीही मान खाली घालायला हवी. आफ्रिकेतल्या माणसांची गुलामगिरी योग्य ठरवायला युरोप-अमेरिकेतल्या कित्येक धर्मोपदेशकांनी नोहाच्या शापाचा आधार घेतला. हामाच्या वंशाला देवानंच गुलाम केलं, असं ते सांगत. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात तो शाप देवानं दिलेला नाही, नोहानं दिला आहे. तो हामाला नाही, कनानाला आहे. त्यात आफ्रिकेचं नावसुद्धा नाही. पण ज्याला सबब हवी असते त्याला शास्त्रातही सापडते.

‘सैतानानं करायला लावलं’

आमच्या प्रार्थनासभांत हे फार सहज बोललं जातं. हव्वेनंही सापाकडे बोट दाखवलं होतं, आणि आदामानं तर हव्वेकडे दाखवता दाखवता तिला देणाऱ्या देवाकडेही दाखवलं. मोह येतो, मोहात पाडणाराही आहे, हे बायबल नाकारत नाही. पण याकोब स्पष्ट लिहितो की माणूस ओढला जातो तो आपल्याच वासनेनं. डोंगराळ भागांत दोष दुसऱ्यावर ढकलण्याच्या याच विचारानं बाईला भुताळी ठरवून मारलं गेल्याच्या घटना घडल्या आहेत. आपलं मूल आजारी पडलं, दोष शेजारणीचा. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा छळाला गुन्हा ठरवतो. ख्रिस्ती झाल्यावर भगताकडे जाणं सुटलं, पण दोष दुसऱ्यावर टाकायची सवय तशीच राहिली, तर मग सुटलं तरी काय?

याला लागूनच आणखी एक गैरसमज आहे, आणि मला तो सगळ्यांत क्रूर वाटतो: दुःख आलं म्हणजे त्या माणसाचंच काहीतरी पाप असणार. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं शंभरावर बालकं गेली. अशा मरणांपुढे उभं राहून ‘देवाची इच्छा’ किंवा ‘त्यांचंच अज्ञान’ म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून हाच प्रश्न विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याचे डोळे उघडतो. रोजगार नसणं, रेशन न पोहोचणं, दवाखाना लांब असणं, गरोदर बाईला भट्टीवर राबावं लागणं, ही कारणं माणसांनी निर्माण केलेली आहेत. ती देवाच्या नावावर खपवणं हे स्वतंत्र पाप आहे.

मग ‘परिस्थितीनं करायला लावलं’ हे कधीच खरं नसतं का?

असतं. सरसकट कठोर होणं हाही एक गैरसमज आहे. भुकेपोटी चोरणाऱ्याला लोक तुच्छ लेखत नाहीत, हे नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात नोंदलं आहे, जरी भरपाई त्यालाही चुकत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यानं तर असं मांडलं की जीव जायची वेळ आली असताना जगण्यापुरतं दुसऱ्याचं घेतलं, तर ती चोरीच नव्हे. कॅथलिक चर्चची शिकवणही सांगते की भीती, दडपण आणि अज्ञान यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. उचल फिटायच्या आत रात्रीतून भट्टी सोडून पळालेला कातकरी आणि त्याची मजुरी बुडवणारा मालक, दोघेही म्हणतील ‘इलाज नव्हता’. एकाला खरोखर नव्हता. दुसऱ्याचा फायदा थोडा कमी झाला असता, एवढंच. ज्याच्या हातात वही आहे त्याला ही सबब शोभत नाही. पिलातानं लोकांसमोर हात धुतले तेव्हा निकाल देण्याचा अधिकार त्याच्याच हातात होता.

‘देवाजवळ कबूल केलं, फिटलं’

शेवटची ही सबब खास आपल्या लोकांची. ख्रिस्ताच्या कृपेनं पापक्षमा होते, फुकट होते, आणि यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण कृपा आहे म्हणून पाप चालू ठेवावं का, हा प्रश्न पौलानं रोमकरांच्या पत्रात स्वतःच उभा केला आणि ठामपणे नाही म्हटलं. जर्मन पाळक डीट्रिश बोनहोफर यानं 1937 च्या आपल्या पुस्तकात पश्चात्तापावाचून मागितलेल्या अशा क्षमेला स्वस्त कृपा म्हटलं. कॅथलिक पापनिवेदनातही याजक देवाच्या नावानं क्षमा जाहीर करतो, पण चोरलेलं परत करण्याची जबाबदारी त्यानं संपत नाही. भरपाई करायला चर्चची धर्मशिकवण स्पष्ट सांगते.

जक्कय जकातदार होता. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला, तेव्हा त्यानं नुसती माफी मागितली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, असा आकडाच बोलला. येशूनं त्यानंतर सांगितलं की या घराला तारण मिळालं आहे. डोंगरावरच्या प्रवचनात तर येशू सांगतो की वेदीपाशी आलास आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

मजूर गावी निघून गेला, आता कुठे शोधायचा, असं कुणी म्हणेल. गणनेच्या पाचव्या अध्यायात याचीही तरतूद आहे: ज्याचं नुकसान केलं त्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा भाग द्यायचा, तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. आणि आपल्याकडे तर तो बहुतेक वेळा असतोच. त्याचा पाडा ठाऊक असतो, मुकादमाचा नंबर फोनमध्ये असतो, वहीत त्याचं नावही असतं.