रविवार, विसापूर, पान तीन

पहाटे ४:४५
कामशेतला जुन्या हायवेच्या कडेला टेम्पो थांबतो. इंजिन चालूच असतं. वरून पेपरचे गठ्ठे खाली येतात. भाऊ ते झेलत नाहीत, पायाशी पडू देतात. पाठीत उसण भरली होती, तेव्हापासूनची ही सवय. सुतळी कापायला खिशात अर्धं ब्लेड असतं. मग फुटपाथवर बसून अंकात पुरवण्या सरकवायच्या. अंकामागे दीड रुपया सुटतो.

भाऊ एका दैनिकाचे एजंट आहेत आणि त्याच दैनिकाचे मावळातले वार्ताहरही. तालुक्याला असंच चालतं. वार्ताहर म्हणून महिन्याचं मानधन तीन हजार. जाहिरात आणली तर तिच्यावर पंधरा टक्के. घर चालतं ते झेरॉक्सच्या दुकानावर, आणि ते वहिनी बघतात.

आज जुलैतला रविवार. पुरवणीच्या पहिल्या पानावर धुक्यातला लोहगड आलाय, रंगीत, चार कॉलम. लेख चांगला आहे. भाऊ उभ्याउभ्या वाचून काढतात. रविवारी किल्ला असा छापून येतो. सोमवारी पान तीनवर तोच किल्ला येतो, तेव्हा त्यात कोणीतरी पडलेलं असतं. ते पान भाऊंकडे.

सकाळी ६:३०
पंपावर तीनशेचं पेट्रोल. फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला, वर रबर. पॉवर बँक, वही, दोन पेनं. पेन्सिलसुद्धा, कारण ओल्या कागदावर पेन उमटत नाही. रेनकोटची चेन गेलीय, तिथे सेफ्टी पिना. मी भाऊंच्या गाडीवर मागे बसतो.

सकाळी ७:२०
मळवली स्टेशन. पुण्याहून लोकल आली आणि फलाट भरून गेला. भाऊ पुलाखाली थांबून माणसं बघतात. "ते बघा, ते डोंगरातले," असं हळूच सांगतात. वीस-बावीस जण. पायात खाचांच्या तळाचे बूट, सॅकला पावसाचं कव्हर. पुढे एक जण आणि सगळ्यांत मागे एक जण, तो दर वळणाला डोकी मोजतो. त्यांच्याकडे रिकामी पोती आहेत. विसापूर किल्ल्यावरचं प्लास्टिक गोळा करून खाली आणणार. दर पावसाळ्यात येतात.

बाकीचे शेकडो लोक फिरायला आलेत. चपला, गुळगुळीत तळाचे बूट, एका हातात स्पीकर. त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही. आठवड्याची एकच सुट्टी, पाऊस आणि लोकलचं स्वस्त तिकीट. पण उद्याच्या पेपरात हे दोन्ही गट एकाच नावाने येतात, आणि ते नाव कायम पहिल्या गटाचं असतं: ट्रेकर.

भाऊ बोटांवर मोजत सांगतात. जुलै २०२३, लोहगडाच्या वाटेवर गर्दी तासन्‌तास अडकली, तो व्हिडिओ देशभर फिरला. ३० जून २०२४, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५, कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, चौघे गेले. यातलं एकही ट्रेकिंग नव्हतं. तरी दर वेळी डोंगरात जाणाऱ्या पोरांच्या आयांनी त्यांना घरी अडवून ठेवलं. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा मात्र पहिल्या पानावर नाव लोहगडाचंच होतं.

सकाळी ९:००
भाजे गाव. लेण्यांच्या पायथ्याशी चहा. दहा रुपयाचा कप, तीन घोटांत संपतो. टपरीच्या मावशी कणसं भाजतायत. कोळसा ओला, त्यामुळे धूर फार. कणीस तीसला. पातळ प्लास्टिकचे रेनकोट पन्नासला. दुपारपर्यंत पाऊस टिकला तर संपतील, उघडला तर पडून राहतील.

"काय पत्रकार, आज काय लिहिणार?" मावशी विचारतात.
"काही झालं नाही तर बरं," भाऊ म्हणतात.
"काही झालं नाही तर लिहिताच कुठं तुम्ही!"

भाऊ गप्प. तळेगावला लेखक गोनीदा राहायचे. त्यांची दुर्गभ्रमणगाथा भाऊंच्या दुकानात झेरॉक्सच्या कागदांशेजारी आहे, पुठ्ठा चिकटवलेली. हे किल्ले भाऊंनी आधी त्या पुस्तकात पाहिले, मग पायांनी.

सकाळी ११:३५
फोन वाजतो. गावातलाच पोरगा. "भाऊ, पायऱ्यांच्या ओढ्यात एक जण घसरला. पाय गेलाय बहुतेक."

विसापूरला भाज्याकडून चढणारी ही वाट पावसात ओढाच होते. दगडी पायऱ्यांवरूनच पाणी येतं, म्हणून तर लोक तिथे गर्दी करतात. दगडावर हिरवं शेवाळ. बूट असले तर धरून धरून जाता येतं. चपलेने दोन पायऱ्या जेमतेम.

दुपारी १२:१५
तेवीस वर्षांचा पोरगा, पिंपरीत एका कारखान्यात कंत्राटी. घोटा सुजून गोळा झालाय. ओठ पांढरे. पोती घेऊन आलेल्या गटातल्या एका मुलीने पायाला पुठ्ठा लावून क्रेप बँडेज बांधलंय. बुटाची लेस सोडली, बोटं गरम आहेत का बघितलं, हलवायला सांगितली, मग बांधलं. काम पाच मिनिटांचं, हात जराही थरथरला नाही. ती बारा वर्षं डोंगरात फिरतेय. तिचं वाक्य भाऊंनी वहीत घेतलं: "वाटेवर दोन पाट्या आणि खाली एक माणूस असता, तर हा वर आलाच नसता."

गावचे चौघे आले. एक प्लंबर, एक रिक्षावाला, दोघे भजीच्या गाड्यांवरचे. दोन बांबू, एक घोंगडी, सुती दोर. घोंगडी बांबूंवर दोन्हीकडून दुमडून घेतली. माणूस तिच्यात बसला की त्याच्याच वजनाने ती आवळते, गाठ मारावी लागत नाही.

उतरताना पाय पुढे, डोकं मागे. पुढच्या दोघांनी बांबू खांद्यावर घेतलेत, मागच्यांनी हातात, कमरेच्या खाली, म्हणजे झोळी आडवी राहते. मागच्यांचे हात ताणून दुखतात, पुढच्यांचे गुडघे. पाऊल आडवं टाकायचं. दर दहा पावलांना रिक्षावाला "थांब" म्हणतो, चौघेही थांबतात. वर येणारी गर्दी बाजूला होत नाही. पोत्यांच्या गटातला मागचा माणूस पुढे धावत जाऊन वाट मोकळी करतो. काही जण फोन वर धरून उभे आहेत.

पोरगा भाऊंना म्हणतो, "दादा, नाव नका छापू. आईला ओव्हरटाइम सांगून आलोय."
"नाही छापत," भाऊ म्हणतात.

दुपारी २:००
खाली आणलं. पाऊण मैलाच्या वाटेला दीड तास. रिक्षावाल्याने त्याला स्वतःच्याच रिक्षातून दवाखान्यात नेलं. पैसे विचारले नाहीत. रविवारच्या दुपारचे त्याचे सात-आठशे बुडाले. भजीच्या गाड्या दीड तास बंद होत्या, त्याही रविवारी. प्लंबरने बांबू ओढ्यात धुऊन घरी नेले. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रचं बचावपथक आहे, अवघड कड्यावर किंवा दरीत तेच उतरतं. पण अशा घोट्याच्या, गुडघ्याच्या भानगडी गावाच्याच खांद्यावर येतात.

एका चॅनेलवाल्याचा फोन. "पडतानाचं व्हिज्युअल आहे का?" नाही. "मग पाण्याचा जोर दिसेल असं काहीतरी पाठवा." भाऊ झोळीची क्लिप पाठवतात. पैसे नाहीत.

दुपारी २:४५
टपरीच्या पत्र्याखाली बातमी लिहिणं. बोटं ओली, स्क्रीन ऐकत नाही, म्हणून बोलून टाइप करतात. फोन विसापूरचं विजापूर करतो. चार वेळा दुरुस्त. भाऊ चौघांची नावं घालतात, मुलीचं वाक्य घालतात. पाट्या कुठे हव्यात तेही. एकशे चाळीस शब्द. मग दुसरी बातमी, गडावरून उतरवलेल्या कचऱ्याची. अकरा पोती, फोटोसह. ही त्यांनी जास्त मन लावून लिहिली.

वडापाव दोन, चाळीस रुपये. एक माझ्यासाठी.

सायंकाळी ६:४०
दुकानात. वहिनी एका मुलाच्या दाखल्याच्या पाच प्रती काढतायत. डेस्कचा फोन येतो.

"भाऊ, ट्रेकर ना तो?"
"नाही साहेब. पहिल्यांदाच आलेला, फिरायला."
"किल्ल्यावर होता ना? मग झालं. नाव?"
"नाव नाही देत."
"बरं. साठ शब्दांत बसवतो. पोत्यांचं मंगळवारी बघू."

डेस्कवरच्या माणसालाही शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर एक पान आणि आठ-दहा तालुके, साडेआठला पान सोडायचं. तो कधी विसापूरला गेलेला नाही. पोरगा चालत घरी गेला असता तर ही बातमीच नव्हती, हे त्यालाही ठाऊक आणि भाऊंनाही.

रात्री ८:३०
टीव्हीवर तीस सेकंद. मोठं संगीत, लाल पट्टी. झोळी क्षणभर दिसते. मग एक धबधबा, जो विसापूरचा नाही. भाऊ आवाज बंद करतात. ताटात पिठलं-भाकरी आहे.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब. पेट्रोल तीनशे, चहा-वडापाव ऐंशी, फोनचा डेटा पॅक. बातमीचे वेगळे पैसे नाहीत, ती मानधनातच.

रात्री १०:२०
ग्रुपवर उद्याच्या पानाची पीडीएफ. पान तीन, खाली उजवीकडे, एक कॉलम. 'ट्रेकिंग बेतले जिवावर, विसापूरवर तरुण बचावला'. मजकुरात 'अतिउत्साही' हा शब्द भाऊंनी लिहिला नव्हता. मुलीचं वाक्य नाही, पाट्या नाहीत. 'स्थानिकांच्या मदतीने' एवढंच आहे.

घोटा दुखावला होता, जीव धोक्यात नव्हता. पडलेला ट्रेकर नव्हता, त्याचा पाय बांधणारी मात्र होती. रविवारची कमाई सोडून त्याला खाली आणणाऱ्या चौघांची नावं दोन ओळींत बसली असती. ती छापायलाच हवी होती.