वीस मेगाबाइटांची जुनी तिजोरी

जुन्या वहीची पाने पिवळी पडली, तरी ती उघडून वाचता येते. चुंबकीय तबकडीवरील नोंद मात्र यंत्रावाचून वाचता येत नाही. यंत्र थांबले की नोंदही मुकी होते. घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीतील बाह्य हार्ड डिस्क आज याच अवस्थेत आहेत. त्या जुन्या संगणकांना पुन्हा जोडून आतील मजकूर सोडवून घेण्याचे काम काही हौशी मंडळी चिकाटीने करीत आहेत. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश हे त्याचे बोलके उदाहरण होय.

जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्कची सोयच नव्हती. एका फ्लॉपीवर अवघा ४०० किलोबाइट मजकूर मावत असे. सप्टेंबर १९८५ मध्ये कंपनीने ‘हार्ड डिस्क २०’ आणली. किंमत १,४९५ डॉलर आणि क्षमता २० मेगाबाइट, म्हणजे सुमारे पन्नास फ्लॉपींचा ऐवज एका पेटीत! वेगळी सोय नसल्याने ती फ्लॉपीच्याच १९ पिनांच्या पोर्टला जोडावी लागे. ५१२ किलोबाइट स्मृतीच्या मॅकिंटॉशला तिची ओळख एका खास फ्लॉपीवरून आधी करून द्यावी लागे. १२८ किलोबाइटच्या मूळ यंत्रावर ती चालतच नसे. पुढे हा १९ पिनांचा जोड बाजारातून इतका नाहीसा झाला, की २०१६ मध्ये हौशी मंडळींनी वर्गणी जमवून असे १०,००० जोड नव्याने बनवून घेतले.

जानेवारी १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसबरोबर ‘स्कझी’ ही जोडणीपद्धती आली. तीत अनेक उपकरणे एकामागोमाग साखळीने जोडता येतात. मात्र तिचे काही नियम कटाक्षाने पाळावे लागतात. प्रत्येक उपकरणाला ० ते ६ पैकी स्वतंत्र क्रमांक हवा. ७ हा क्रमांक संगणकाचा. दोघांचा क्रमांक एक झाला, तर एका खात्यावर दोन नावे लिहिल्यासारखा घोटाळा होतो. साखळीच्या टोकाला टर्मिनेटर लागतो, आणि त्यासाठीची वीज मॅकिंटॉश प्लस पुरवीत नाही. ती साखळीतील उपकरणानेच पुरवावी लागते. या संगणकाचे २५ छिद्रांचे स्कझी पोर्ट त्या काळच्या इतर संगणकांवरील प्रिंटरच्या पोर्टासारखेच दिसते. म्हणून केवळ बसते म्हणून कोणतीही केबल लावू नये.

केबल लावताना वा काढताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. आधी डिस्क सुरू करावी, तिचा वेग स्थिरावू द्यावा, मग संगणक सुरू करावा. बंद करताना क्रम उलटा. अमेरिकेतून आणलेले यंत्र असेल, तर मागील पट्टीवरील व्होल्टेज आधी पाहावे. ते केवळ ११० ते १२० व्होल्टचे असल्यास आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावताच निकामी होईल.

खरी कसोटी यापुढे आहे. अनेक वर्षे पडून राहिलेल्या डिस्कमधील वंगण चिकट होते आणि तबकडी फिरेनाशी होते. एकदा फिरली, तरी दुसऱ्यांदा फिरेलच याची हमी नाही. म्हणून ती सुरू होताच खेळ, चित्रे पाहत बसू नये; प्रथम संपूर्ण प्रत काढावी. त्यासाठी ‘ब्ल्यूस्कझी’सारखी छोटी उपकरणे मिळतात. ती त्याच साखळीत वेगळ्या क्रमांकाने बसतात आणि एसडी कार्डालाच हार्ड डिस्क म्हणून संगणकासमोर उभी करतात. मजकूर त्यावर उतरवला, की कार्ड आजच्या संगणकात नेता येते.

तेथेही एक अडचण असते. ॲपलच्या नव्या संगणकांनी २०१९ पासून जुनी एचएफएस मांडणी वाचणे सोडून दिले आहे. त्यामुळे ‘मिनी व्हीमॅक’सारखा, जुन्या मॅकिंटॉशची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम वापरावा लागतो.

वीस मेगाबाइट म्हणजे आज मोबाइलवरील चार-पाच छायाचित्रे. पण त्या पेटीत कुणाचे हिशेब असतील, कुणाची पत्रे. त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. म्हणून अशी डिस्क घरात सापडल्यास ती भंगारात देऊ नये, उत्सुकतेपोटी तिचे झाकणही उघडू नये. योग्य केबल, योग्य क्रमांक आणि पहिल्याच फेरीत पूर्ण प्रत, एवढी शिस्त पाळली तर हा ऐवज पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचण्याची आशा राहते.